संसारातली दीक्षा

बायको पहिल्या बाकावर, मुले तिच्या शेजारी, आणि नवरा वेदीवर शुभवर्तमान वाचतो आहे. मराठवाड्यातला कॅथलिक माणूस हे पहिल्यांदा पाहतो तेव्हा त्याच्या मनात साधा प्रश्न येतो: हे फादर असतील तर बायको कशी, आणि संसारी असतील तर वेदीवर कसे?

या प्रश्नाला हसू नये. लॅटिन परंपरेच्या चर्चने शतकानुशतके दीक्षित माणूस ब्रह्मचारीच दाखवला आहे. त्यात महाराष्ट्राच्या मनातही देवाच्या कामाला लागलेला माणूस म्हटले की घर सोडलेला माणूस उभा राहतो. विवाहित डीकन या दोन्ही समजुतींना धक्का देतो. त्याची ओळख मराठी वाचकाला नीट व्हावी, म्हणून हे पुस्तक सिद्ध झाले आहे.

आधी थोडी मूलभूत माहिती. कॅथलिक चर्चमध्ये दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत: बिशप, धर्मगुरू आणि डीकन. सेमिनरीत शिकलेला प्रत्येक तरुण फादर होण्याआधी काही काळ डीकन असतो. आपल्या गावांनी पाहिलेला डीकन बहुतेक वेळा हाच, आज आला आणि वर्षभरात फादर होऊन गेला. दुसरा आयुष्यभर डीकनच राहतो. त्याला स्थायी डीकन म्हणतात. तो विवाहित असू शकतो, नोकरीधंदा करू शकतो, स्वतःच्या घरात राहतो. तो स्नानसंस्कार देतो, विवाह लावतो, प्रवचन करतो, अंथरुणाला खिळलेल्यांना कम्युनियन नेऊन देतो, मयताला माती देतो. मिस्सा अर्पण करणे, पापनिवेदन ऐकणे आणि आजाऱ्यांना तैलाभ्यंग देणे ही कामे मात्र त्याची नाहीत. दीक्षाविधीत त्याच्या मस्तकावर एकटा बिशप हात ठेवतो, आणि त्याच्या हाती शुभवर्तमानाचा ग्रंथ दिला जातो.

एवढे ऐकल्यावर लोक ‘म्हणजे अर्धा फादर’ असा निकाल देतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये मिलानच्या कॅथेड्रलमध्ये डीकनांशी बोलताना नेमका हाच समज खोडून काढला होता: डीकन हा अर्धा धर्मगुरू नव्हे आणि अर्धा प्रापंचिकही नव्हे, तो चर्चमधल्या सेवेचा राखणदार आहे. मला हे म्हणणे मनापासून पटते. जे काम त्याला करता येत नाही त्यावरून त्याला मोजले, तर तो कायम उणाच दिसणार.

या पदाचा उगम भाकरीच्या भांडणात आहे. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ती हकिगत येते. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते अशी तक्रार झाली. प्रेषितांनी सात माणसे निवडायला सांगितले आणि त्यांच्यावर हात ठेवून हे काम सोपवले. त्या सातांतला स्तेफन पहिला हुतात्मा झाला. दुसऱ्याकडे, फिलिपकडे, आपले तेवढे लक्ष जात नाही. तो कैसरियात घर करून राहिला, त्याला चार मुली होत्या, आणि त्या चौघीही संदेश देणाऱ्या होत्या. प्रवासात पौल त्याच्याच घरी उतरला. संसार आणि सेवा एका छपराखाली नांदल्याची ही पहिली नोंद. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर डीकन निवडताना काय पाहावे हे स्पष्टच लिहिले आहे: तो एका स्त्रीचा नवरा असावा, मुलाबाळांचा आणि घराचा कारभार नीट पाहणारा असावा. म्हणजे उमेदवाराची परीक्षा त्याच्या घरात घ्यायची असा दंडक होता. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात किंख्रियाच्या मंडळीतली फीबी हीदेखील डीकन याच नावाने ओळखली जाते.

पहिल्या काही शतकांत डीकन हा बिशपचा उजवा हात होता. पैसा, अन्न, तुरुंगातली माणसे, अनाथ मुले, सगळे त्याच्याकडे. २५८ साली सम्राट व्हॅलेरियनच्या छळात रोमचा डीकन लॉरेन्स मारला गेला. चर्चचा खजिना आणून दे असे फर्मान निघाले, तेव्हा त्याने गोरगरिबांना गोळा करून पुढे उभे केले, ही परंपरेने सांगितलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. सीरियाचा एफ्रेम आपल्याला कवी म्हणून माहीत असतो, पण मला तो त्याच्या अखेरच्या दिवसांसाठी जास्त जवळचा वाटतो. एदेसा शहरात दुष्काळ पडला. श्रीमंतांनी कोठारे बंद केली होती, आणि कुणावर भरवसा ठेवून धान्य सोडावे हे कळत नाही अशी सबब ते देत होते. एफ्रेमने त्यांच्याकडून पैसा काढला आणि सार्वजनिक ओसऱ्यांमध्ये सुमारे तीनशे खाटा टाकून उपाशी आणि आजारी माणसांची सोय लावली, असे सोझोमेन हा प्राचीन इतिहासकार सांगतो. ३७३ साली एफ्रेम वारला. त्याच्या स्तोत्रांचा अभ्यास सर्वत्र होतो. त्या खाटांकडे आपण पाठ फिरवू नये.

पुढे ही संस्था पश्चिमेत क्षीण होत गेली. धर्मगुरूंचे महत्त्व वाढले, मठांनी सेवेची कामे उचलली, आणि डीकनपद ही फादर होण्याआधीची एक पायरी उरली. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मसभेने जुनी पदे पुन्हा कामाला लावावीत असा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. पूर्वेकडच्या चर्चमध्ये मात्र विवाहित डीकन कधी नाहीसा झाला नाही.

त्याचे पुनरुज्जीवन झाले ते नाझींच्या छळछावणीतून. दाखाव येथे हजारो धर्मगुरू कोंडलेले होते. आपल्या चर्चचे कुठे चुकले याची चर्चा त्या बराकींत चाले, आणि ओटो पीस, विल्हेल्म शामोनी यांच्यासारख्या धर्मगुरूंनी विवाहित डीकनांचा विचार तिथे मांडला. युद्ध संपल्यावर, १९५३ मध्ये, शामोनी यांनी कुटुंबातल्या बापांना डीकनपदाची दीक्षा देण्याविषयी पुस्तकच लिहिले. त्याआधी १९५१ मध्ये फ्रायबुर्गला हानेस क्रामर या तरुणाने समविचारी लोकांचे एक मंडळ सुरू केले होते. युद्धाने मोडलेल्या शहरांतली बेघर माणसे, विधवा, निर्वासित त्यांच्या डोळ्यांसमोर होते. कार्ल राहनर यांच्यासारख्या धर्मपंडिताने या विचाराला शास्त्राची बैठक दिली. मग दुसरी व्हॅटिकन धर्मसभा भरली. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी मंजूर झालेल्या चर्चविषयक घटनेच्या २९व्या परिच्छेदाने स्थायी डीकनपद पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली, पोप सहावे पॉल यांनी १८ जून १९६७ रोजी नियम घालून दिले, आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या कलोनला पहिल्या स्थायी डीकनांना दीक्षा मिळाली. आज जगभरात अशा डीकनांची संख्या सुमारे ५० हजारांच्या घरात आहे. त्यांत अमेरिका खंडाचा आणि युरोपचा वाटा मोठा, आशियाचा फारच थोडा.

या पन्नास-साठ वर्षांत काही वेगवेगळ्या धारा तयार झाल्या. जर्मन धारा सेवाभावी संस्थांच्या अंगाने गेली. तिथला डीकन रुग्णालयात, व्यसनमुक्तीच्या कामात, कामगारवस्तीत दिसतो. अमेरिकेत तो मुख्यतः धर्मग्रामातला माणूस झाला: रविवारचे प्रवचन, स्नानसंस्कार, लग्नाआधीची शिबिरे. दोन्हींचे गुण आहेत, पण वेदीभोवतीच घोटाळणारा डीकन मला अपुरा वाटतो. तिसरा विचार जॉन कॉलिन्स या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९९० मध्ये मांडला. प्राचीन ग्रंथांचा कसून शोध घेऊन ते म्हणाले, की डीकन हा मुळात कुणाच्या तरी वतीने पाठवलेला, अधिकार देऊन धाडलेला दूत आहे. त्याला केवळ वाढपी समजणे ही एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन सेवासंस्थांनी रुजवलेली समजूत आहे. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि या पुस्तकातल्या लेखकांचेही त्यावर एकमत नाही. ते तसेच ठेवले आहे.

चौथी धारा आपल्याला सर्वांत जवळची आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत आहे. मेक्सिकोच्या चियापास प्रांतात सान क्रिस्तोबाल दे लास कासास हा आदिवासीबहुल धर्मप्रांत आहे. बिशप साम्युएल रुईस यांनी तिथे चाळीस वर्षे काम केले आणि डोंगराळ वस्त्यांतल्या शेकडो विवाहित आदिवासी पुरुषांना डीकनपदाची दीक्षा दिली. ही माणसे आधीपासूनच आपल्या गावात प्रार्थना चालवत होती, तंटे मिटवत होती, आजाऱ्यांकडे जात होती. तिथे ही सेवा जोडप्याची मानली जाते. २००२ मध्ये रोमने नव्या दीक्षा थांबवल्या. संख्या फार वाढली, त्यामागे वेगळा हेतू तर नाही ना, अशी शंका होती. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या काळात ती वाट पुन्हा मोकळी झाली. दूरच्या वस्त्या, महिन्यातून एकदा येणारा फादर, आणि रोजचे सगळे निभावणारा गावचाच माणूस: मराठवाड्यातल्या वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

प्रॉटेस्टंट परंपरांचा उल्लेखही हवा, कारण मराठी ख्रिस्ती समाज बहुरंगी आहे. कॅल्व्हिनच्या जिनिव्हात गरिबांचा निधी सांभाळणारे डीकन होते. १८३६ मध्ये टेओडोर फ्लीडनर आणि त्यांची पत्नी फ्रीडेरिके यांनी जर्मनीत कायझर्सवेर्थला सेविकांची संस्था काढली, आणि तिथे पुढे फ्लोरेन्स नाइटिंगेल शिकून गेली. अहिल्यानगरकडच्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांमध्ये मंडळीनेच निवडलेले डीकन असत. १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात डीकन ही पाळक होण्याआधीची दीक्षा आहे. स्त्रियांना डीकनपद द्यावे का, हा प्रश्न कॅथलिक चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० मध्ये नेमलेल्या अभ्यासगटांपुढे गेला, आणि २०२४ च्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने तो खुला ठेवला. फीबीचे नाव घेऊन हा प्रश्न विचारणाऱ्या स्त्रिया आपल्याही धर्मग्रामांत आहेत. त्यांना गप्प बसवून काही साधणार नाही.

आता आपल्या मातीकडे येऊ. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याच्या मुळाशी आहे ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेले वैजापूर तालुक्यातले काम. फ्रान्समधल्या आनेसी येथे १८३८ मध्ये स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या मिशनरी संघाचे धर्मगुरू त्या भागात आले. घोगरगाव, बोरसर ही नावे आजही इथल्या कॅथलिक घरांत आदराने घेतली जातात, आणि फादर गुरियन जाकिये यांची आठवण तर ख्रिस्ती नसलेले गावकरीही जपतात. या मिशनरींच्या चिकाटीबद्दल पुष्कळ बोलले जाते. त्यांच्या बरोबरीने चाललेल्या एका माणसाबद्दल मात्र फारच कमी लिहिले गेले. तो म्हणजे गावचा मास्तर.

काळ्या मातीच्या वाटांवर पावसाळ्यात बैलगाडी रुतायची, आणि फादरांना एकेका वस्तीवर यायला आठवडेच्या आठवडे लागायचे. तोवर तिथे असायचा मास्तर. कुठे त्याला प्रचारक म्हणत. बहुधा तो दलित समाजातलाच, त्याच वस्तीतल्या माणसांच्या नात्यागोत्यातला. एका खोलीची शाळा, भिंतीवर क्रूस, पाटी-पेन्सिली, आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात प्रार्थना. मरायला टेकलेल्या बाळाला घाईने स्नानसंस्कार द्यायचा तो त्यानेच. अशा प्रसंगी कुणालाही तो देता येतो, हे चर्च पूर्वीपासून मानत आले आहे. माती द्यायची त्यानेच. तहसीलचा अर्ज लिहायचा, नवरा-बायकोचे भांडण सोडवायचे, दुष्काळात मिशनकडून आलेले धान्य मापून द्यायचे, आणि मापात कमी पडले तर शिव्याही त्यानेच खायच्या. यरुशलेमच्या त्या सातांना हे सगळे ओळखीचे वाटले असते.

आणि त्याची बायको. पगार फक्त त्याला मिळे, तोही जेमतेम. कामाला मात्र दोघे असत. मुलींना गाणी शिकवणे, बाळंतिणीजवळ बसणे, रात्री दार वाजले की चूल पेटवणे हे तिच्याकडे. मास्तरीणबाई ही पदवी गावानेच तिला दिली. कुठल्या दप्तरात तिच्या कामाची नोंद शोधायला गेलात तर बहुधा निराशाच पदरी पडेल.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने ही माणसे पाहिली होती. ७ डिसेंबर १९६५ च्या मिशनकार्यविषयक आदेशनाम्याच्या १६व्या परिच्छेदात म्हटले आहे, की जे पुरुष प्रत्यक्षात डीकनाचेच काम करत आहेत, मग ते प्रचारक म्हणून शिकवत असोत, दूरच्या मंडळ्या सांभाळत असोत वा सेवाकार्य करत असोत, त्यांना प्रेषितांपासून चालत आलेल्या हस्तस्पर्शाने बळ द्यावे हे उचित आहे. मला वाटते, मराठवाड्यासाठी या विषयाचे मर्म याच एका परिच्छेदात आहे. विवाहित डीकन ही युरोपातून आणलेली नवलाई म्हणून लोकांपुढे ठेवली, तर लोक तिच्याकडे परके म्हणून बघतील. आपल्या मास्तरांच्या हातून आणि मास्तरीणबाईंच्या चुलीवरून जे चालत आले, त्यालाच चर्चने नाव आणि दीक्षा द्यायचे ठरवले, असे सांगितले तर तीच गोष्ट घरची होते. ती तशी आहेच. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी प्रचारकपदाला चर्चमधले अधिकृत सेवापद केले, तेव्हा याच ऋणाची आणखी एक पावती मिळाली.

मराठी मनाला संसारी संत काही नवा नाही. आपल्या मराठवाड्यातल्या पैठणला एकनाथ महाराज सोळाव्या शतकात घरदार सांभाळून राहिले. गिरिजाबाई, मुलेबाळे, दारी येणारे पाहुणे, आणि त्याच घरातून वाहणारा परमार्थ. गोदेच्या तापल्या वाळूत रडणारे अस्पृश्याचे पोर उचलून कडेवर घेतल्याची त्यांची कथा इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. एकनाथ १५९९ मध्ये गेले, आणि १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण मराठी ओवीतच छापले गेले. मराठी ख्रिस्ती लेखनाने या भूमीकडून छंद घेतला, मग घराची कल्पना घेण्यात संकोच कशाला? प्रपंच टाकून परमार्थ आणि प्रपंचात राहून परमार्थ, हे दोन्ही मार्ग महाराष्ट्राने पाहिले आहेत आणि दोन्हींपुढे हात जोडले आहेत.

घराचा मान राखायचा तर घराची ओढाताणही सांगितली पाहिजे. चर्चच्या कायद्याने विवाहित उमेदवाराचे वय किमान ३५ हवे आणि पत्नीची संमती हवी. तिने नाही म्हटले, तर दीक्षा नाही. तयारी किमान तीन वर्षांची असते आणि पत्नीलाही तीत सामावून घ्यावे अशी अपेक्षा आहे. पत्नी आधी वारली तर डीकनाला पुन्हा लग्न करता येत नाही. लहान मुले किंवा वृद्ध आईवडील असतील तर रोमकडून खास परवानगी मिळू शकते, पण ती हक्काची नव्हे. संमतीच्या कागदावर सही करणाऱ्या बाईला हे सगळे समजावून सांगितलेले असते. पस्तिशीतल्या बाईने आपल्या मरणानंतरच्या घराचा विचार करून ‘हो’ म्हणायचे. या सहीचे वजन आपण पुरेसे ओळखत नाही.

पैशाचे गणितही कायद्यात आहे. पूर्णवेळ सेवेत असलेल्या विवाहित डीकनाला स्वतःचे आणि कुटुंबाचे भागेल इतके मानधन मिळावे. ज्याची नोकरी आहे त्याने आपल्या पगारावर घर चालवावे. दिसायला सोपे. आता वाळूजच्या एखाद्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा डीकन डोळ्यांसमोर आणा. पहाटे प्रार्थना, डबा, कंपनीची बस. चार वाजता घरी. मुलगी दहावीला, तिला गणित समजावून द्यायचे कबूल केलेले. इतक्यात फोन येतो: बिडकीनकडच्या वस्तीवर म्हातारे गेले, दिवस मावळायच्या आत माती द्यायची आहे, फादर दुसऱ्या गावी अडकलेत. बायको न बोलता पांढरा झगा घडी घालून पिशवीत ठेवते, वर पाण्याची बाटली. तो गाडीला किक मारतो. दहावीचे गणित रात्री दहाला सुरू होते, किंवा होतच नाही. असे महिन्यातून एकदा झाले तर घर ते आनंदाने सोसते. आठवड्यातून तीनदा झाले, तर घरातली माणसे देवालाच कंटाळतात. तिमथ्याला लिहिलेले पत्र घराचा कारभार आधी पाहायला सांगते ते याचसाठी. ज्या डीकनाच्या मुलाला बापाच्या सेवेचा राग येतो, त्या डीकनाने वर्षभर प्रवचन बंद ठेवून मुलाला घेऊन वेरूळला, म्हैसमाळला भटकून यावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ती सुट्टीही सेवेतच धरावी.

या ओढाताणीचे सर्वांत खरे मराठी चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांत आहे. त्यांचे पती रेव्हरंड टिळक कॅथलिक नव्हते की डीकन नव्हते. पण हातात येईल ते वाटून टाकणारा नवरा, दुष्काळातली निराधार पोरे घरात आणणारा नवरा, आणि त्या सगळ्यांच्या तोंडात घास घालणारी बायको हे नाते ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने आधी ते पुस्तक वाचावे.

हे सगळे आत्ताच का सांगायचे? फादर कमी पडतात म्हणून डीकन हवेत, हा युक्तिवाद मला मान्य नाही. फादर भरपूर असते तरी डीकन हवेच होते. आज मिशनच्या जुन्या गावांत म्हातारी माणसे राहिली आहेत. तरुण वाळूजला, चिखलठाण्याला, पुण्याला गेले. दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांच्या फडांवर जातात, आणि सहा महिने त्यांना धर्मग्राम असा उरतच नाही. घाटी रुग्णालयाच्या आवारात रात्री चक्कर मारली तर जालना, बीड, परभणीकडून आलेले नातेवाईक व्हरांड्यात चादरी टाकून पडलेले दिसतात. कुठला कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा, रक्त कुठून आणायचे, डॉक्टर काय म्हणाले याचा अर्थ काय, हे सांगणारे कुणी नसते. एफ्रेमच्या ओसरीतल्या खाटा मला तिथे आठवतात. नोकरी म्हणजे काय, कर्जाचा हप्ता म्हणजे काय, पोराच्या तापाने जागून काढलेली रात्र म्हणजे काय हे स्वतः जगलेला माणूस चर्चच्या वतीने तिथे जाऊन बसला, तर त्याच्या बसण्याला वेगळे मोल येते. मुंबई महाधर्मप्रांतात विवाहित डीकन काम करत आहेत. त्यांचा शहरी अनुभव जसाच्या तसा उचलून चालणार नाही. इथल्या अंतरांचा, इथल्या गरिबीचा, इथल्या जातवास्तवाचा विचार वेगळा करावा लागेल.

जातीचा उल्लेख ओघात आला, पण तो टाळता येणारा नाही. मास्तरांच्या नातवंडांपैकी किती जण दीक्षेपर्यंत पोहोचतात, मिस्सेत पहिल्या बाकावर कोण बसते, निर्णय कुणाच्या बैठकीत होतात, हे प्रश्न दलित ख्रिस्ती माणसे कधीपासून विचारत आहेत. विधवांना वाटपात डावलले जाते या तक्रारीतून जे पद जन्माला आले, त्या पदाने डावललेल्यांची बाजू घेतली नाही तर त्याचा उपयोग काय?

हे पुस्तक डीकनांची पोथी नाही. यात एका बाजूला इतिहास आणि चर्चचा कायदा मराठीत, घरच्या भाषेत सांगितला आहे, म्हणजे धर्मग्रामाच्या बैठकीत कुणालाही हा विषय उचलता यावा. दुसऱ्या बाजूला माणसे बोलतात: डीकन, त्यांची मुले, त्यांच्याबरोबर काम करणारे धर्मगुरू, आणि सर्वांत आधी त्यांच्या पत्नी. खासगी आयुष्य बोलून दाखवणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेने गाळली आहेत. काही पाने वाचताना अस्वस्थ व्हायला होईल. एखादी पत्नी सांगते की दीक्षेनंतर नवऱ्याला सगळे ओळखू लागले आणि तिला तिच्याच गल्लीत ‘डीकनची बायको’ हे एकच नाव उरले. एखादा धर्मगुरू आपल्याला वाटलेली धास्ती लपवत नाही. संपादन करताना ही पाने काढण्याचा मोह आम्ही आवरला.

एक बाजू मात्र अजून हलकी राहिली आहे, आणि ती भरून काढायला वाचकांची मदत हवी. मराठवाड्यातल्या मास्तरांच्या वह्या, रोजनिश्या, प्रार्थनेला आलेल्यांच्या याद्या, फादरांना लिहिलेली पत्रे घराघरांत पेट्यांच्या तळाशी पडून आहेत. घर बदलताना त्या रद्दीत जातात. आजोबा मास्तर होते असे तुमच्या घरात कुणी सांगत असेल, तर ती पेटी उघडून पाहा, वहीच्या दोन झेरॉक्स काढा, एक घरी ठेवा आणि एक आमच्याकडे पाठवा. आजी अजून असेल तर तिच्याजवळ बसून मोबाइलवर तिचे बोलणे रेकॉर्ड करून घ्या, आणि मास्तर काय करत याच्या आधी ती स्वतः काय करत होती ते विचारा.